वाचकांचे प्रश्न : झुडपांची निवड आणि निगा

गेल्या दोन महिन्यांत आलेली बहुतेक पत्रे एकाच तक्रारीची आहेत. हौसेने आणलेले झाड जगत नाही, किंवा जगते पण फुलत नाही. या पत्रांत झाडाचे नाव असते, घातलेल्या खताचे नावही असते; परंतु जमीन कोणती, पाणी विहिरीचे की नळाचे आणि त्या जागेवर ऊन नेमके किती तास पडते, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. माझ्या अनुभवाप्रमाणे दहातील आठ प्रश्नांचे उत्तर या न लिहिलेल्या तीन गोष्टींतच असते. मृगाचा पाऊस तोंडावर आला असून लागवडीचे दिवस जवळ आले आहेत, म्हणून या वेळी झुडपे आणि वर्षानुवर्षे टिकणारी फुलझाडे यांविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही लातूरजवळ नवे घर बांधले. अंगणाची जमीन काळी व भारी असून पाणी बोअरचे आहे. गेल्या पावसाळ्यात दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले, त्यांत विकतची लाल माती आणि शेणखत भरले आणि जास्वंद, एक्झोरा, अनंत व तगर अशी चौदा झाडे लावली. दिवाळीपर्यंत त्यांतील दहा मेली. खड्डे नीट भरूनही असे का झाले?
— एक वाचक, लातूर

उत्तर : खड्डे आपण मनापासून भरले आणि नुकसान त्यामुळेच झाले, हे सांगताना मला वाईट वाटते, कारण पुस्तकांतून आणि रोपवाटिकांतून सर्वांना हाच सल्ला मिळतो. मुरमाड किंवा हलक्या जमिनीत तो योग्यही आहे. काळ्या जमिनीची गोष्ट वेगळी आहे. ही माती भिजली की फुगते आणि तिच्यातून पाणी खाली उतरणे जवळजवळ थांबते. अशा जमिनीत खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत लाल माती भरली, की आजूबाजूचे पावसाचे पाणी त्या मोकळ्या मातीत येऊन साठते आणि त्याला बाहेर जायला वाट उरत नाही. खड्ड्याचा हौद होतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती मिळाली नाही की मुळे कुजतात आणि झाड पाण्यात उभे असूनही सुकल्यासारखे दिसते. ते सुकलेले पाहून आपण त्याला आणखी पाणी घालतो. वीस वर्षांपूर्वी मी स्वतः जास्वंदीची सहा झाडे अशीच गमावली. त्यांतले एक उपटले, तेव्हा मुळांची साल म्यानासारखी हातात निसटून आली, आत पांढरा दोरा तेवढा राहिला आणि खड्ड्यातून कुजक्या अंड्यासारखा वास आला. आपणही मेलेले एखादे झाड उपटून पाहावे, म्हणजे खात्री होईल.

नवी लागवड करण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. अंगणात फूटभर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, ते पाणी जिरू द्यावे आणि लगेच पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तीन-चार तासांत उतरले, तर निचरा चालण्याजोगा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसेच उभे असेल, तर तेथे खड्डा घेऊच नये. जमिनीच्या वर दीड फूट उंचीचा गादीवाफा करावा. त्यासाठी अंगणातलीच काळी माती दोन भाग, बारीक मुरूम किंवा जाड वाळू एक भाग आणि चांगले कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण घ्यावे. वाफ्याच्या तळाशी असलेली मूळ जमीन कुदळीने फोडून घ्यावी, म्हणजे दोन मातींमध्ये पक्की सीमा राहत नाही आणि मुळे खाली उतरू शकतात. लागवड चिखलात करू नये. शेतकरी जसा वाफशाची वाट पाहतो, तशी आपणही पाहावी: मूठभर माती दाबल्यावर तिचा गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारताच तो फुटावा.

निवडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. एक्झोरा आणि अनंत ही आम्लधर्मी मातीत रमणारी झाडे आहेत. काळ्या मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे हे दाखवणारा आकडा) साधारण साडेसात ते साडेआठ असतो आणि त्यात बोअरच्या पाण्यातील क्षारांची भर पडते. म्हणून ही दोन्ही झाडे आपल्या अंगणात लावू नयेत; फारच आवडत असतील तर कुंडीत ठेवावीत. त्याऐवजी शंकासुर, टेकोमा, बोगनवेल, मेंदी आणि पिवळी किंवा निळी कोरांटी लावावी. घरात लहान मूल नसेल तर कण्हेरही चालेल. तिच्याविषयीचा इशारा पुढे दिला आहे. कुंपणासाठी अडुळशाचा विचार अवश्य करावा. दोन फूट अंतरावर छाटे लावले की दोन पावसाळ्यांत दाट भिंत तयार होते, पांढरी फुले येतात, आणि मुख्य म्हणजे अडुळशाला शेळी तोंड लावत नाही. गावाकडच्या उघड्या अंगणासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. न्हाणीचे पाणी जेथून वाहते त्या वाटेवर कर्दळ लावावी. उरलेल्या मोकळ्या जागेत सदाफुली आणि रेन लिलीचे कंद लावावेत. पहिला जोराचा पाऊस झाला की चार-पाच दिवसांत लिलीची फुले एकदम वर येतात.

बोअरच्या पाण्याचे क्षार पांढऱ्या पापुद्र्यासारखे मातीवर जमू लागले, तर रोज थोडे-थोडे पाणी देणे थांबवावे. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा भरपूर पाणी द्यावे, म्हणजे क्षार मुळांच्या खाली धुऊन जातात. बुंध्यापासून चार बोटे जागा मोकळी सोडून आळ्यात सोयाबीनच्या भुसकटाचे तीन-चार इंचांचे आच्छादन करावे. आपल्या भागात ते सहज मिळते, आणि उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडून मुळे तुटतात ते त्यामुळे थांबते.

प्रश्न : माझ्याकडे कुंडीत अनंताचे झाड आहे. नवीन येणारी पाने पिवळी असतात, परंतु त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. कळ्या येतात आणि उमलण्याआधीच गळतात. शेणखत, गांडूळखत, पेंड सर्व घातले, तरी फरक नाही.
— एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही कोवळ्या पानांत, असे इतके नेमके वर्णन आपण लिहिले आहे की शंकेला जागा उरत नाही. ही लोहाची कमतरता आहे. जुनी पाने सरसकट पिवळी पडली असती तर नत्र कमी आहे असे मानता आले असते. झाड आपले नत्र जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देऊ शकते. लोहाची अशी हलवाहलव त्याला जमत नाही, म्हणून लोहाची उणीव नेहमी शेंड्याला दिसते.

मातीत लोह नसते असे नाही. सामू साडेसातच्या पुढे गेला की ते अविद्राव्य होते आणि मुळांना उचलता येत नाही. जड, म्हणजे क्षारयुक्त पाणी रोज घातल्याने कुंडीतील माती हळूहळू त्या अवस्थेला पोहोचते. म्हणूनच कितीही खत घातले तरी उपयोग होत नाही. प्रथम कुंडीतील वरची दोन-तीन इंच माती खरवडून काढावी आणि तेथे कोकोपीट व पानांचे कुजलेले खत भरावे. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) विरघळवून, त्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळून, ऊन उतरल्यावर पानांवर बारीक फवारणी करावी आणि दर पंधरा दिवसांनी असे तीनदा करावे. फवारताना कुंडी फरशीवरून बाजूला न्यावी, कारण हिराकसाचे थेंब वाळले की तांबूस डाग पडतात आणि ते निघत नाहीत. मातीतून लोह द्यायचे असेल तर कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळते. त्यातील ईडीडीएचए प्रकार मागून घ्यावा. ईडीटीए प्रकार स्वस्त असतो, परंतु चुनखडीयुक्त मातीत तो टिकत नाही.

पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी पिंपात साठवावे आणि जितके दिवस पुरेल तितके दिवस अनंताला तेच द्यावे. औषधांपेक्षा या पाण्याने जास्त फरक पडतो. कळ्या गळण्याचे कारण बहुधा पाण्यातील अनियमितपणा असते. कुंडी एकदा पूर्ण कोरडी पडली आणि नंतर भरपूर पाणी मिळाले, की कळ्यांचे देठ सुटतात.

प्रश्न : गेली दोन वर्षे आमच्या शेवंतीला फूल नाही. झाडे निरोगी आहेत, गुडघ्याच्या वर वाढली आहेत. ज्या शेजारीणबाईंनी मुनवे दिले, त्यांच्याकडे मात्र त्याच शेवंतीने नोव्हेंबरात अंगण भरून जाते. आमची झाडे फाटकाजवळ आहेत. तेथे दिवसभर ऊन असते.
— एक वाचिका, सातारा

उत्तर : आपल्या पत्रातील «फाटकाजवळ» हा शब्द वाचून मी आपल्याला उलट प्रश्न विचारला होता, आणि आपले उत्तर आले की फाटकासमोर दोन वर्षांपूर्वी नवा एलईडी दिवा बसला असून तो रात्रभर जळतो. शेवंती न फुलण्याचे कारण तो दिवा आहे.

शेवंतीला फुलण्यासाठी ऊन लागते, तशी लांब आणि अखंड काळोखाची रात्रही लागते. श्रावणानंतर दिवस ठळकपणे लहान होतात, रात्र वाढते, आणि रात्रीची ही लांबी मोजूनच शेवंती कळी धरते. वनस्पती दिवस-रात्रीच्या लांबीला असा प्रतिसाद देतात, ही गोष्ट गार्नर आणि अॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून मांडली. त्यानंतर फुलशेतीचे सारे गणितच बदलले. आज हरितगृहात शेवंती करणारे शेतकरी मुद्दाम मध्यरात्री काही तास दिवे लावून कळी लांबवतात आणि ज्या सणाला भाव असेल त्याच्या हिशेबाने ते दिवे बंद करतात. शेतकरी जे जाणूनबुजून करतो, तेच आपल्या फाटकावरचा दिवा दोन वर्षे न सांगता करीत आहे. झाडाला वाटते की अजून उन्हाळाच चालू आहे, म्हणून ते नुसते वाढत राहते.

जमिनीत लावलेली झाडे आताच काढून घराच्या मागच्या, अंधाऱ्या परंतु दिवसा ऊन असलेल्या बाजूला लावावीत. जून हाच त्यासाठी योग्य महिना आहे. जुने ठोंब टाकून द्यावेत आणि बुंध्याशी फुटलेले कोवळे, मुळ्या धरलेले मुनवे तेवढे घ्यावेत. मुनवे वीतभर वाढले की शेंडा खुडावा. फुटलेल्या फांद्या पुन्हा चार-पाच पानांच्या झाल्या की त्यांचेही शेंडे खुडावेत. ऑगस्ट संपल्यानंतर मात्र खुडणे पूर्ण थांबवावे, नाहीतर कळ्याच खुडल्या जातात. अशा खुडण्याने झाड बुटके, गोल आणि काठीच्या आधाराविना उभे राहते. आपली झाडे गुडघ्याच्या वर गेली आहेत, त्यावरून शेंडे खुडले गेले नसावेत असे दिसते.

मागे जागाच नसेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीपासून रोज संध्याकाळी सहाला झाडांवर पुठ्ठ्याचा मोठा खोका पालथा घालावा आणि सकाळी सातला काढावा. खोक्याच्या फटींतून प्रकाश आत जाणार नाही, हे पाहावे. एकही रात्र न चुकवता, कळ्यांवर रंग दिसेपर्यंत हे करावे लागते. काम कंटाळवाणे आहे, परंतु निश्चित यश देणारे आहे. घरात पॉइन्सेटिया असेल तर त्यालाही हाच नियम लागू पडतो. बैठकीच्या खोलीतील दिव्याखाली ठेवलेला पॉइन्सेटिया पुढच्या डिसेंबरात लाल होत नाही, तो याच कारणाने.

प्रश्न : महाबळेश्वरहून निळ्या हायड्रेंजियाची दोन रोपे आणली होती. एप्रिलमध्ये दोन्ही करपून गेली. पुन्हा आणावीत का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आणू नयेत. हायड्रेंजियाला थंड हवा, ओलसर आम्ल माती आणि दुपारची सावली लागते. नागपूरचा ४५ अंशांचा मे महिना त्याला कोणत्याही सावलीत सोसणारा नाही. शिवाय तो निळा रंग आम्ल मातीत विरघळणाऱ्या अॅल्युमिनियममुळे येतो. रोप जगले असते तरी आपल्याकडच्या मातीत पुढची फुले गुलाबीच आली असती. टप्पोऱ्या गुच्छांची हौस असेल तर शंकासुर किंवा पांढरा-गुलाबी मुसांडा लावावा. मुसांड्याला पहिले दोन उन्हाळे पश्चिमेकडून आडोसा द्यावा.

प्रश्न : अंगणात पूर्वीच्या मालकाने लावलेली गुलाबी कण्हेर आणि पिवळी बिट्टी आहे. नातू दीड वर्षाचा आहे. झाडे ठेवावीत की काढावीत?
— एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, नातू अजाण आहे तोवर ही झाडे काढलेलीच बरी. कण्हेरीची पाने, फुले, साल, मुळे, चीक असे सर्वच भाग विषारी असून ते विष थेट हृदयावर परिणाम करते. बिट्टीच्या बियांत तर ते आणखी तीव्र असते, आणि तिची हिरवी, त्रिकोणी फळे मुलांना खेळायला हाताशी येतात. झाडे तोडताना हातमोजे घालावेत आणि फांद्या जाळू नयेत, कारण त्यांचा धूरही घातक असतो. चुकून काही तोंडात गेले अशी शंका जरी आली, तरी घरगुती उपाय न करता झाडाचा तुकडा सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. त्या जागी जास्वंद आणि मोगरा लावावा. नातू मोठा झाला की कण्हेर पुन्हा आणता येईल. आठ इंचांचा छाटा पावसाळ्यात खोवला तरी जगतो.

प्रश्न : आमचे परसू आंबा व फणसाच्या सावलीत आहे. जमीन जांभ्याची, पाऊस भरपूर. गुलाब, शेवंती काहीही टिकत नाही. सावलीत फुलणारे, दरवर्षी नव्याने लावावे न लागणारे असे काही आहे का?
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण आपल्याकडे जे आहे ते मिळवण्यासाठी देशावरच्या बागप्रेमींना किती खटाटोप करावा लागतो, हे मी रोज पाहतो. जांभ्याची आम्ल माती, सावली आणि ३००० मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस एकत्र आला की कंदवर्गीय झाडांचे माहेरघर तयार होते.

सर्वांत आधी सोनटक्का लावावा. त्याचे गड्डे आता जूनमध्ये हातभर अंतरावर, जमिनीलगत, जेमतेम झाकले जातील इतकेच खोल ठेवावेत. श्रावणापासून संध्याकाळी फुले उमलू लागतात आणि त्यांचा वास ओल्या हवेत परसूभर राहतो. एका दांड्याला एकदाच फुले येतात, म्हणून फुलून गेलेला दांडा बुडातून कापून टाकावा. नवे दांडे गड्ड्यातून येतच राहतात. त्याच्या सोबतीला पेव लावावा. कोकणात तो बांधाबांधाला उगवतो आणि म्हणूनच बागेत लावण्याजोगा आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. त्याचा दांडा गोल जिन्यासारखा पिळत वर जातो, पाने त्या पिळावर पायऱ्यांसारखी बसतात, आणि टोकाच्या तांबड्या कणसातून कागदासारखी पातळ पांढरी फुले एक-एक करून बाहेर पडतात. पुढच्या ओळीत रानहळद आणि मागे, भिंतीच्या कडेला, हेलिकोनिया. दिवसातून तीन-चार तास ऊन येणारी एखादी कड असेल तर तेथे एक्झोरा लावावा. जांभ्यात तो असा फुलतो की लातूरच्या वाचकाला हेवा वाटेल.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. सोनटक्का, पेव आणि रानहळद हिवाळा-उन्हाळ्यात विश्रांती घेतात. पाने पिवळी पडून जागा मोकळी दिसू लागली की झाड मेले असे समजून खणू नये. खुणेला दगड ठेवावेत. दुसरे असे, की आंब्या-फणसाच्या बुंध्याशी माती चढवून वाफे करू नयेत. खोडाची साल मातीखाली सतत ओली राहिली तर मोठे झाड कुजते. बुंध्यापासून निदान चार-पाच हात दूर, मुळे न तोडता, उथळ लागवड करावी.

प्रश्न : दहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत बोगनवेल आहे. पश्चिमेचे कडक ऊन मिळते. रोज पाणी आणि दर पंधरवड्याला खत घालूनही हिरव्यागार पानांपलीकडे काही मिळत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पाणी आणि खत, दोन्ही थांबवावे. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतील. फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हील याच्या जगप्रदक्षिणेत सोबत असलेल्या कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस ती १७६७ मध्ये ब्राझीलमध्ये पडली आणि त्या दर्यावर्दीचेच नाव तिला मिळाले. ओढाताण सोसून फुलणे हा तिचा स्वभाव आहे. भरपूर पाणी व नत्र मिळाले की ती पाने आणि काटेच वाढवते. पावसाळा संपताच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सर्व लांब फांद्या सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) एक तृतीयांश छाटाव्यात, कारण फुले नव्या फुटीवर येतात. नवी फूट वीतभर झाली की पाणी तोडावे. कोवळे शेंडे दुपारी माना टाकू लागले आणि संध्याकाळीही सावरले नाहीत, की मग एक तांब्या पाणी द्यावे. पाच-सहा आठवडे याच बेताने चालवावे. कुंडी मुळांनी गच्च भरलेली असली तरी लगेच मोठ्या कुंडीत हलवू नये, ती दाटी तिला मानवते. आपण ज्याला फूल म्हणतो त्या रंगीत पाकळ्या खरे तर रंग बदललेली पाने आहेत. खरे फूल आतली इवलीशी पांढरी नळी. पाऊस न लागणाऱ्या गॅलरीत ही रंगीत पाने महिनाभर सहज टिकतात.

प्रश्न : जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखी कीड आली आहे. औषध मारले की जाते आणि आठ दिवसांत परत येते.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हा पिठ्या ढेकूण आहे. औषध मारण्याआधी खोडावर नजर ठेवावी: मुंग्यांची रांग चढताना दिसेल. पिठ्या ढेकणाच्या अंगातून गोड, चिकट स्राव निघतो, त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. मुंग्यांचा बंदोबस्त न करता केलेली फवारणी म्हणूनच वाया जाते. खोडाला वीतभर रुंदीची चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलिनचा थर द्यावा आणि भिंतीला किंवा कुंपणाला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, कारण मुंग्यांचा दुसरा पूल तोच असतो. गोळा होऊन आकसलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवावेत. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोराचा फवारा मारावा आणि नंतर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा मऊ साबण घालून, पानांच्या मागच्या बाजूसही लागेल असे, संध्याकाळी फवारावे. आठवड्याच्या अंतराने तीन वेळा हे करावे, कारण अंड्यांतून पिल्ले टप्प्याटप्प्याने बाहेर पडतात.

प्रश्न : अबोलीच्या वाफ्यातील झाडे एक-एक करून मान टाकतात. शिवाय बी गोळा करायला जावे तर बोंडे रिकामीच सापडतात.
— एक वाचिका, फोंडा, गोवा

उत्तर : मान टाकलेले झाड उपटून मुळे धुऊन पाहावीत. त्यांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर मातीत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म जंत) आहेत. त्या वाफ्यात एक हंगाम झेंडू लावावा, निंबोळी पेंड मिसळावी आणि अबोली दुसऱ्या जागी न्यावी. बोंडे रिकामी सापडतात, कारण वाळलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब पडताच ते तडकते आणि बी दूर उडते. म्हणून पाऊस किंवा सकाळचे दव पडण्याआधी तपकिरी बोंडे खुडून कागदी पिशवीत ठेवावीत. उडालेल्या बियांची रोपे आषाढात आसपास दिसतील. ती उचलून लावली तरी चालते. दिल्ली या नावाने मिळणाऱ्या केशरी, मोठ्या फुलांच्या अबोलीला मात्र बी धरत नाही. तिचे छाटेच करावे लागतात.

प्रश्न : आईने दिलेला मोगरा तीन वर्षांपूर्वी येथे आणून वाढवला. उन्हाळ्यात पाच-दहा फुले येतात; हिवाळ्यात पाने गळून काड्या उरतात. त्याला गमावण्याची फार भीती वाटते.
— एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : तीन हिवाळे त्याने काढले आहेत, म्हणजे मूळ भक्कम आहे. रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाण्याआधी कुंडी घरात घ्यावी आणि दक्षिणेकडील खिडकीत ठेवावी. हीटरच्या झोताजवळ ठेवू नये; त्या कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) होतात. हिवाळ्यात खत पूर्ण बंद ठेवावे आणि बोटाचे दोन पेर माती कोरडी लागेल तेव्हाच पाणी द्यावे. पाने गळाली तर घाबरू नये. आपल्याकडे तर पौषात माळी मुद्दाम पाणी तोडून मोगऱ्याची पाने झडू देतात, मग फांद्या छाटतात, खत देतात आणि पाणी सुरू करतात. चैत्रातला बहर या विश्रांतीतूनच येतो, कारण मोगरा नव्या फुटीवर फुलतो. आपण हीच छाटणी मार्चच्या सुरुवातीला करावी. सर्व फांद्या निम्म्यावर आणाव्यात, वाळक्या काड्या बुडातून काढाव्यात आणि वरची माती बदलावी. थंडीचे भय गेले की मेच्या उत्तरार्धात कुंडी बाहेर न्यावी: पहिला आठवडा सावलीत, नंतर दिवसभर उन्हात. फुललेल्या फांदीचा शेंडा दोन पानांसह लगेच खुडला की पंधरा-वीस दिवसांत तेथे दोन नवे फुटवे येतात आणि पाच-दहाऐवजी रोज ओंजळभर फुले मिळू लागतात. जुलैमध्ये दोन-तीन छाटेही मुळवून ठेवावेत, म्हणजे आईचा मोगरा एकाच कुंडीवर अवलंबून राहणार नाही.

प्रश्न : आमच्या गिर्यारोहण गटाने सह्याद्रीतली कारवी बागेसाठी आणायचे ठरवले आहे. ती कशी उपटावी व कधी लावावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कृपया उपटू नये, असे मी आपल्याला आग्रहाने सांगतो. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. बागेत ती सहा वर्षे केवळ खरखरीत पानांचे झुडूप म्हणून उभी राहील. डोंगरउतारावर मात्र ती माती धरून ठेवते, आणि तिच्या फुलोऱ्यावर मधमाश्यांच्या वसाहती जगतात. अभयारण्यातून कोणतेही रोप काढणे कायद्याने गुन्हा आहे, हेही गटातील सर्वांना सांगावे.

सह्याद्रीचे काही आपल्या अंगणात असावे ही इच्छा मात्र फार चांगली आहे. त्यासाठी धायटी लावावी. देशी झाडांच्या रोपवाटिकांत तिची रोपे मिळतात. पुण्याचा मुरूम आणि सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस तिला पुरेसा आहे, आणि दुसऱ्या वर्षानंतर तिला पाणीही द्यावे लागत नाही. माघ-फाल्गुनात पाने विरळ होतात आणि धनुष्यासारख्या वाकलेल्या फांद्या तांबड्या-केशरी नळ्यांनी बुडापासून टोकापर्यंत भरतात. प्रत्येक नळीत मध असतो, त्यामुळे शिंजीर सकाळपासून त्या फांद्यांना उलटे लटकलेले दिसतात. आसवे आणि अरिष्टे आंबवण्यासाठी वैद्य हीच फुले वापरतात. धायटीला पाच-सहा फूट जागा मोकळी सोडावी, कारण कुंपणासारखी सरळ छाटलेली धायटी फुलत नाही. छाटणी फक्त फुले संपल्यावर, वैशाखात करावी, आणि तीही सर्वांत जुन्या तीन-चार फांद्या जमिनीलगत काढण्यापुरतीच.